उद्याचे विधान आणि ‘किंवा’ची किंमत

‘उद्या आरमारी लढाई होईल किंवा होणार नाही.’ ॲरिस्टॉटलचा हा पेच प्रसिद्ध आहे. दोहोंपैकी एक घडणार हे निश्चित. पण त्यांतले एक विधान आजच खरे असेल, तर उद्याचे सारे आधीच ठरले आणि माणसाने विचारविनिमय करण्यात अर्थ उरला नाही.

पोलिश तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच यांनी १९२० साली तिसरे सत्यमूल्य सुचवले : खरे १, खोटे ०, अनिश्चित १/२. मात्र ‘किंवा’ने जोडलेल्या विधानांपैकी मोठे मूल्य घ्यायचे, या त्यांच्या नियमाने ‘लढाई होईल किंवा होणार नाही’ हेसुद्धा अर्धेच खरे ठरते! जी एक गोष्ट पक्की होती, तीच हातची गेली. संभाव्यतेचे गणित असे फसत नाही. छापा १/२, काटा १/२. पण छापा किंवा काटा पूर्ण १. तेव्हा संभाव्यता म्हणजे पातळ केलेले सत्य नव्हे.

आता पुंजभौतिकी पाहू. ४५ अंशांत तिरपे ध्रुवण असलेला फोटॉन उभ्या ध्रुवणपट्टीकडे निघाला आहे. माक्स बॉर्न यांच्या १९२६च्या नियमानुसार तो पार होण्याची संभाव्यता १/२. जो हमखास पार होईल तो ‘उभा’, जो हमखास अडेल तो ‘आडवा’. बर्कहॉफ आणि फॉन नॉयमन यांच्या १९३६च्या तर्कशास्त्रात ‘हा फोटॉन उभा किंवा आडवा आहे’ हे पूर्ण सत्य. सुटे ‘उभा’ सत्य नाही, ‘आडवा’ही नाही. ॲरिस्टॉटलला हवे होते ते हेच!

पण त्याची किंमत पडते. ‘तिरपा आणि (उभा किंवा आडवा)’ सत्य. ‘(तिरपा आणि उभा) किंवा (तिरपा आणि आडवा)’ असत्य. म्हणजे वितरणाचा नियमच मोडला. यावरून हिलरी पटनम यांनी १९६८ साली दावा केला की, भूमितीप्रमाणे तर्कशास्त्रही अनुभवाने बदलू शकते.

मला तो पटत नाही. रोजच्या ‘किंवा’त निदान एक बाजू खरी असावी लागते, इथे तशी गरज नाही. शब्द तोच, अर्थ दुसरा. शिवाय या नव्या तर्कशास्त्राचे सिद्धान्त सिद्ध करायला गणिती जुनेच तर्कशास्त्र वापरतात. फोटॉनने आपला ‘किंवा’ खोटा पाडलेला नाही. त्याच्यासाठी आपण दुसरा घडवला आहे. पुंजभौतिकीच्या आधाराने भविष्य मोकळे असल्याचे सांगणाऱ्याने आपण कोणता ‘किंवा’ वापरतो आहोत, ते आधी सांगावे.