पाय दिसावा की ऐकू यावा?

मंडळी, धाराशिवात बसून बॅलेच्या झग्याचं काय काढलंय, असं वाटेल. थोडं थांबा. १८३२ साली पॅरिसात मारी ताग्लिओनी 'ला सिल्फीद'मध्ये नाचली, तेव्हा तिचा पांढरा झगा पोटरीपर्यंत होता. पुढं पायाचं काम अवघड होत गेलं. ते दिसावं म्हणून झगा हळूहळू मांडीपर्यंत चढला आणि ताठ, आडवा झाला. त्यालाच आपण टुटू म्हणतो. मध्यंतरी, १८६२ मध्ये, एमा लिव्रीचा झगा तालमीत गॅसच्या दिव्यावर पेटला. आग न धरणारं कापड कडक नि मळकट दिसतं म्हणून तिनं ते नाकारलं होतं. पुढच्या वर्षी ती गेली. देखणेपणाची किंमत नाचणारीच मोजते.

आपल्या लावणीत मात्र नऊवारी घोट्यापर्यंतच राहिली. आम्हाला वाटतं, इथं पाय दिसण्यापेक्षा चाळांतून ऐकू यायचा असतो. दिसायचा तो पदर. बैठकीच्या लावणीत तर बसल्या जागी पदराशी खेळत निम्मी अदा होते.

आता शिवलेली नऊवारी आली. तिची थट्टा आम्ही करणार नाही; एका रात्रीत चारदा लुगडं बदलणाऱ्या बाईला झटपट तयार होता येतं, हे काही थोडं नव्हे. तक्रार आहे ती पिना लावून खांद्यावर बसवलेल्या पदराची. तो ढळत नाही, मग सावरायचं काय? काष्टा खुशाल शिवा, पदर तेवढा मोकळा सोडा.