‘स्टेबल’ या नावावर जाऊ नका

लॅबच्या मशीनवर फ्रीबीएसडी टाकायचं ठरवलंत की दोन नावं समोर येतात: रिलीज आणि स्टेबल. स्टेबल म्हणजे स्थिर, आपल्याला स्थिरच हवंय, मग तेच टाकू, असं वाटणं साहजिक आहे. मीही तेच केलं होतं.

१९९३ पासून चालत आलेल्या या युनिक्स घराण्यातल्या प्रणालीबद्दल मला आदर आहे, पण तिची ही नावं नवख्याला हमखास चकवतात. स्टेबल ही विकासाची शाखा आहे. तिच्यात बदल सतत येत राहतात. त्यात ‘स्थिर’ काय, तर आज कंपाइल केलेला प्रोग्राम त्याच मालिकेत पुढेही चालावा, एवढंच. रिलीज म्हणजे चाचण्या करून गोठवलेली प्रत. उदाहरणार्थ, १४.० ही नोव्हेंबर २०२३ मध्ये आली. त्यानंतर तिच्यात फक्त सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या येतात.

संशोधनात हा फरक कुठे नडतो? सहा महिन्यांनी मी माझ्या सिम्युलेशनचे आकडे पुन्हा काढले, तर दशांशानंतरचे शेवटचे अंक जुळेनात. मधल्या काळात मी सिस्टीम दोनदा सोर्सपासून नव्याने बांधली होती आणि नोंद कुठेच नव्हती. फरक त्यामुळे पडला की माझ्याच कोडमुळे, हे आजही सांगता येत नाही. चूक अर्थातच माझी. प्रबंधात नुसतं ‘१४-स्टेबल’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला नेमकं काय वापरलं ते कळत नाही, ‘१४.१-रिलीज’ लिहिलंत तर कळतं.

म्हणून रिलीज निर्दोष आहे असं नाही. १४ मालिकेत पुढची उपआवृत्ती आली की साधारण तीन महिन्यांत आधीचीचा आधार संपतो, म्हणजे पीएचडीच्या काळात अपग्रेड टळत नाही. आणि मशीन अगदी नवं असेल, हवा तो ड्रायव्हर फक्त स्टेबलमध्येच आला असेल, तर स्टेबल जरूर घ्या. फक्त प्रत्येक प्रयोगाबरोबर ‘युनेम -ए’ चं पूर्ण उत्तर जपून ठेवा; त्यात सोर्सची नेमकी खूण असते.

बाकी सगळ्यांनी डोळे झाकून रिलीज टाका. वहीत आवृत्ती मात्र पहिल्याच दिवशी लिहा.