हस्तोपचाराच्या तंत्राची प्रगती : गोवंडीच्या संदर्भात एक समीक्षा

एखाद्या उपचारतंत्राची प्रगती झाली असे केव्हा म्हणावे, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. शिष्यांची संख्या वाढली, वर्ग भरू लागले, परिषदा होऊ लागल्या आणि शेजारच्या एखाद्या प्रतिष्ठित व्यवसायातील मंडळी सहकार्यास पुढे आली, म्हणजे तंत्र पुढे गेले असे सामान्यतः मानले जाते. कायरोप्रॅक्टिक या हस्तोपचारपद्धतीच्या एका शाखेबाबत तर अध्यापन, संशोधन आणि दंतवैद्यांचे सहकार्य हे प्रगतीचे तीन मार्ग नेहमी एका दमात सांगितले जातात. हे तीन मार्ग खरोखर समान योग्यतेचे आहेत काय, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या विचाराला आधार म्हणून मुंबईच्या पूर्व उपनगरातील गोवंडी हा भाग समोर ठेवला आहे. तंत्र जेथे जन्मले तेथे त्याची परीक्षा सोपी असते. जेथील रुग्णाची कल्पनाही तंत्राच्या जनकाने केली नव्हती तेथे ती कठीण होते, आणि म्हणूनच अधिक उपयुक्त ठरते.

प्रथम पूर्वपीठिका थोडक्यात पाहणे इष्ट आहे. डी. डी. पामर याने १८९५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट गावी, कायरोप्रॅक्टिकचा पाया घातला. मणक्यांच्या सांध्यांत बिघाड झाला की मज्जातंतूंच्या कार्यात अडथळा येतो, त्यातून रोग उद्भवतात आणि हाताने मणका पूर्ववत केला असता शरीर आपोआप सावरते, अशी त्याची उपपत्ती होती. त्याच्या आधी, १८७४ पासून, अँड्र्यू टेलर स्टिल हा ऑस्टिओपॅथीचा पुरस्कार करीत होता. त्याच परंपरेतील विल्यम सदरलंड याने कवटीच्या हाडांनाही सूक्ष्म हालचाल असते असे प्रतिपादन करून १९३९ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मेजर बर्ट्रंड डीजार्नेट (१८९९–१९९२) याने हे दोन्ही प्रवाह एकत्र आणून पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेली त्रिकास्थी आणि माथ्याशी असलेली पश्चकपालास्थी यांच्या परस्परसंबंधावर आधारलेले तंत्र रचले. त्यात रुग्णाला निजवून त्याच्या कटिप्रदेशाखाली पाचरीच्या आकाराचे ठोकळे ठेवले जातात आणि त्याच्याच देहभाराचा उपयोग करून घेतला जातो. रुग्णांचे तीन वर्ग कल्पिलेले असतात व वर्गानुसार ठोकळ्यांची मांडणी बदलते. कण्याच्या वरच्या टोकाशी कवटी आणि कवटीतील शंखास्थीशी जबड्याचा सांधा, अशी ही साखळी असल्यामुळे दातांची ठेवण आणि कंबरेचे दुखणे यांचा एकमेकांशी संबंध असला पाहिजे, असा तर्क पुढे आला. या तर्कानेच हे तंत्र दंतवैद्याच्या दाराशी नेले.

अध्यापनाचा विचार करताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. हस्तोपचार महाराष्ट्राला अपरिचित नाही. उसण भरली, मान अवघडली, पाय मुरगळला म्हणजे हाडवैद्याकडे जाण्याची रीत जुनी आहे, आणि अनेक घराण्यांत ही विद्या बापाकडून मुलाकडे आलेली आढळते. अशा विद्येत हात शिकविला जातो. त्यामागील कारणमीमांसा बहुधा अव्यक्तच राहते. कायरोप्रॅक्टिकने मात्र आरंभापासून विद्यालय काढले. पामरने १८९७ मध्येच, म्हणजे अवघ्या दोन वर्षांत, शिक्षण देण्यास सुरुवात केली. याचा लाभ असा झाला की हाताला शिस्त आली. हानी अशी झाली की उपपत्तीची परीक्षा होण्यापूर्वीच ती पाठ्यक्रमात स्थिर झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत पूर्ण कायरोप्रॅक्टिक शिक्षणासाठी किमान ४,२०० तास अपेक्षिले असून त्यांतील किमान १,००० तास देखरेखीखालील रुग्णसेवेचे असावेत असे सांगितले आहे. तास मोजता येतात. परंतु तासांच्या संख्येवरून शिकविलेली गोष्ट खरी आहे असे सिद्ध होत नाही. ज्या संस्थेने तंत्राचा पुरस्कार करावयाचा, तिनेच ते शिकवावयाचे आणि तिनेच प्रमाणपत्र द्यावयाचे, अशी व्यवस्था असेल तर अध्यापन हे संप्रदायदीक्षेच्या फार जवळ जाते.

मुंबईतच याहून निराळे उदाहरण सापडते. कमला निंबकर यांनी १९५० साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले आणि १९५२ मध्ये त्या व्यवसायाची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. त्याच रुग्णालयात १९५३ साली फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. या दोन्ही विद्याही हाताच्याच होत. परंतु त्यांचे वर्ग सार्वजनिक रुग्णालयाच्या आवारात भरले. शल्यवैद्य, भिषग्वर आणि परिचारिका यांच्या नजरेखाली विद्यार्थ्याचा हात तयार झाला. आपला उपचार कोठे लागू पडत नाही, हे दाखविणारे सहकारी अशा ठिकाणी शेजारीच असतात. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्यव्यवसायांसाठी आयोग स्थापण्याची तरतूद केली. त्याच्या अनुसूचीत फिजिओथेरपी आणि व्यवसायोपचार यांना स्वतंत्र वर्ग मिळाले. कायरोप्रॅक्टिकला तसा स्वतंत्र वर्ग नाही. या भेदाची अन्य कारणेही असतील. तथापि अध्यापनाची जागा कोणती होती, हे त्यांतील एक महत्त्वाचे कारण मानावयास हरकत नाही.

संशोधनाच्या बाबतीत पहिली कसोटी अगदी साधी आहे. एकाच रुग्णाला दोन तज्ज्ञांनी परस्परांस न विचारता तपासले असता दोघांना एकच गोष्ट आढळते काय? कवटीच्या हाडांची लय हाताला जाणवते, असे मानणाऱ्या उपचारकांच्या बाबतीत १९९८ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात दोन परीक्षकांनी एकाच वेळी एकाच व्यक्तीचे डोके व पाय हाती धरून ही लय मोजली. दोघांच्या मोजमापांत मेळ बसला नाही. ज्या लयीवर उपचाराची सारी इमारत उभी करावयाची, ती दोन हातांना एकसारखी लागत नसेल तर ती रुग्णाच्या शरीरात आहे की उपचारकाच्या बोटांत, हा प्रश्न टाळता येत नाही. डीजार्नेटच्या तंत्राशी निगडित वाङ्मयात एकेका रुग्णाच्या वृत्तान्तांचा भरणा मोठा आहे. अशा वृत्तान्तांना मूल्य नाही असे नव्हे. त्यांतून प्रश्न सुचतात. उत्तरे मिळत नाहीत. पाठदुखी आणि जबड्याची दुखणी ही स्वभावतःच कमीजास्त होणारी असतात. दुखणे कळसाला पोचले म्हणजे रुग्ण येतो, आणि त्यानंतर ते बहुधा उतरतेच. त्या उताराचे श्रेय शेवटच्या उपचाराला मिळते.

याच्या उलट बाजूही नमूद करणे न्यायाचे आहे. कंबरेच्या दुखण्यावर मणक्यांचा हस्तोपचार काही प्रमाणात गुणकारी ठरतो, असे तुलनात्मक चाचण्यांतून दिसून आले आहे. अमेरिकेतील भिषग्वरांच्या महाविद्यालयाने २०१७ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये औषधाविना करावयाच्या उपायांत त्याचा समावेश केला. हा गुण व्यायामादी अन्य मान्य उपायांच्या जवळपास आहे. त्याहून फार मोठा नाही. संशोधनाने येथे तंत्राला सीमित परंतु निश्चित स्थान दिले. सर्वरोगहारी उपपत्ती गळून पडली आणि एका दुखण्यापुरता उपयोग शिल्लक राहिला. पुरस्कर्त्यांस हा संकोच वाटेल; चिकित्सकाच्या दृष्टीने हीच प्रगती होय.

आता दंतवैद्यांच्या सहकार्याकडे वळणे प्राप्त आहे. अमेरिकेत वैद्यकसंघटनेने कायरोप्रॅक्टिकवर दीर्घकाळ बहिष्कार ठेवला होता. त्याविरुद्ध १९७६ साली दावा दाखल झाला आणि १९८७ मध्ये न्यायालयाने तो बहिष्कार बेकायदेशीर ठरविला. अशा वातावरणात एखाद्या मान्यताप्राप्त व्यवसायाने हात पुढे करणे ही केवळ सोय नव्हती; तो प्रतिष्ठेचा प्रश्न होता. परंतु प्रतिष्ठा आणि प्रमाण या दोन वस्तू भिन्न आहेत. दंतवैद्याने जबड्यासाठी दातांवर बसणारी पट्टी दिली, त्याच आठवड्यात हस्तोपचारकाने ठोकळे लावले आणि रुग्ण बरा झाला, तर श्रेय कोणाचे? दोघांचे, असे उत्तर सौजन्याचे आहे, शास्त्राचे नाही. केवळ पट्टी मिळालेले रुग्ण आणि पट्टीसह हस्तोपचार मिळालेले रुग्ण यांची तुलना केल्यावाचून सहकार्यातून काही सिद्ध होत नाही. उलट दोन उपचार एकत्र आल्याने प्रत्येकाचा स्वतंत्र परिणाम झाकला जातो. म्हणजे सहकार्य हे संशोधनास साहाय्यक होण्याऐवजी त्याच्या आड येण्याचाही संभव असतो.

दंतवैद्यकाकडून घेण्यासारखी खरी गोष्ट निराळीच आहे. जेम्स कॉस्टन या कानाच्या वैद्याने १९३४ साली दातांची बिघडलेली ठेवण, जबड्याचा सांधा आणि कानाची दुखणी यांचा संबंध जोडला. पुढे कित्येक वर्षे दातांची ठेवण हेच मूळ कारण मानून दात घासणे, ठेवण बदलणे असे न परतणारे उपाय होत राहिले. या समजुतीला दंतवैद्यकाने स्वतःच आव्हान दिले. १९९२ मध्ये जबड्याच्या विकारांचे निदान करण्यासाठी संशोधनोपयोगी निकष ठरविण्यात आले. १९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने परतविता येणारे सौम्य उपाय आधी करावेत असे सुचविले. आणि २०१४ मध्ये, परीक्षकांत एकमत होते की नाही हे तपासून, सुधारित निकष प्रसिद्ध झाले. ज्या दंतवैद्यकाच्या सहकार्याची अपेक्षा केली जाते, त्याने दात आणि सर्वांगाची दुखणी यांचे सरधोपट नाते आता पुष्कळसे सोडून दिले आहे. ते सोडलेले नाते उचलून त्यावर नवे तंत्र उभारणे हे सहकार्य म्हणता येणार नाही.

ही सर्व चर्चा गोवंडीत आणून पाहिली असता तिचे गांभीर्य स्पष्ट होते. गोवंडी ज्या एम-पूर्व विभागात मोडते, त्याचा मानवी विकास निर्देशांक २००९ च्या मुंबईविषयक अहवालात ०.०५ इतका, म्हणजे शहरातील सर्व विभागांत नीचतम, दाखविला आहे. १९२७ पासूनची देवनारची कचराभूमी याच परिसरात आहे. वाकून कचरा वेचणे, डोक्यावर व पाठीवर ओझे वाहणे, अरुंद खोलीत जमिनीवर बसून शिवणकाम वा जरीकाम करणे, ही येथील अनेकांची रोजीची साधने होत. कंबर, पाठ आणि मान यांची दुखणी अशा ठिकाणी असणारच. मणक्यात गॅप पडला, नस चढली, अशा शब्दांत ती सांगितली जातात, आणि हाताने ती मोकळी करणाऱ्याला येथे गिऱ्हाइकाची वाण पडत नाही.

परंतु याच वस्तीत क्षयाचा भारही मोठा आहे. येथील पाठदुखीच्या मागे मणक्याचा क्षय असू शकतो. क्षयाने पोखरलेल्या मणक्याला झटका देणे म्हणजे मज्जारज्जूला इजा करून रुग्णाचे पाय कायमचे घालविण्याचा धोका पत्करणे होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या तत्त्वांनीही मणक्याचा क्षय हा असा हस्तोपचार निषिद्ध ठरविणाऱ्या कारणांत गणला आहे. रात्रीचा ताप, घटलेले वजन, विश्रांतीनेही न थांबणारी कळ, ही लक्षणे विचारल्यावाचून पाठीला हात लावणारा उपचारक कितीही कुशल असला तरी येथे तो धोकादायक ठरतो.

जबड्याची गोष्ट याहूनही बोलकी आहे. सुपारी आणि गुटखा यांच्या सेवनाने तोंडातील अस्तराखाली तंतू साचून गाल ताठर होतात व तोंड उघडेनासे होते. या विकाराचे वर्णन १९५२ साली पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांच्या संदर्भात श्वार्ट्झ याने केले, आणि लगोलग १९५३ मध्ये मुंबईत डॉ. एस. जी. जोशी यांनी ते स्वतंत्रपणे मांडले. २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारी मानवास कर्ककारक असल्याचे जाहीर केले. २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. उभी तीन बोटे तोंडात मावत नाहीत म्हणून आलेल्या रुग्णाचा जबडा, तो सांध्यामुळे आखडला आहे असे समजून, महिनोन्महिने हाताने मोकळा करीत बसणे म्हणजे कर्करोगात परिणत होऊ शकणाऱ्या विकाराला वेळ देणे होय. येथे दंतवैद्याने आरसा घेऊन गालाचे अस्तर पाहणे हा उपचाराचा पहिला भाग आहे. निदान निश्चित झाल्यावर मात्र हाताच्या विद्येला पुन्हा काम मिळते. लाकडी पट्ट्यांची संख्या वाढवीत तोंड उघडण्याचा व्यायाम नेटाने करून घेणे आणि प्रत्येक भेटीत उघडीप मिलिमीटरमध्ये मोजून लिहून ठेवणे, हे त्या कामाचे स्वरूप होय. सहकार्य आणि संशोधन येथे एकाच वहीत उतरू शकतात.

अशा अभ्यासासाठी आवश्यक ती शेजारसंस्थाही या परिसरात आहे. १९३६ साली स्थापन झालेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९५४ पासून देवनारला आहे, आणि अमृतमहोत्सवाच्या सुमारास तिने याच विभागाच्या पाहणीचे काम हाती घेतले होते. कोणते काम कोणते दुखणे आणते, रुग्ण प्रथम कोणाकडे जातो, योग्य ठिकाणी पोचण्यास त्याला किती दिवस लागतात, या प्रश्नांची उत्तरे रुग्णाच्या घरी जाऊनच मिळतात. हस्तोपचाराच्या वाङ्मयात या प्रश्नांना फारशी जागा मिळालेली नाही. उपचार केल्यावर काय झाले, याची नोंद त्यात ठेवलेली असते. उपचार न करता परत पाठविलेल्या रुग्णांची नोंद क्वचितच आढळते.

तेव्हा तीन मार्गांची समान योग्यता मान्य करता येत नाही. अध्यापनाने तंत्र पसरते आणि सहकार्याने त्याला मान मिळतो. खऱ्या-खोट्याची निवड करण्याचे सामर्थ्य केवळ संशोधनात आहे. म्हणून पहिल्या दोहोंनी तिसऱ्याच्या अधीन राहिले पाहिजे. विद्यार्थ्याला ठोकळे कसे लावावे हे शिकविण्यापूर्वी ते केव्हा लावू नयेत हे शिकविले गेले, आणि दंतवैद्याकडे शिफारशीसाठी न जाता निदानासाठी जाण्याची सवय लागली, तर गोवंडीतील रुग्णाच्या दृष्टीने या तंत्राची प्रगती झाली असे म्हणता येईल. त्याला मणका सरळ करून मिळणे महत्त्वाचे आहेच. पण ज्या दिवशी मणक्याला हात लावावयाचा नसतो, त्या दिवशी हात आवरणारा उपचारक मिळणे त्याहून अधिक महत्त्वाचे आहे.