पत्र्याचं अक्षर

राळेगावकडच्या जिनिंग-प्रेसिंगमधल्या रुईच्या गठाणीवर जे जाड, तुटकं अक्षर उमटतं, त्याच्यावर आपल्या पंडितांनी कधी लेख लिहिला काय? काहून लिहितील? त्यांचं अक्षर बोरूचं, आमचं पत्र्याचं.

गठाण 170 किलोची. पत्रा ठेवायचा, काळ्या रंगाचा ब्रश मारायचा. लॉटचा नंबर, गठाणीचा नंबर, वजन. दाबणाऱ्याचं नाव त्यात नसतंच. अक्षर तुटकं आहे ते हौसेनं नाही. पत्र्यात 8 कोरला तर त्याची दोन्ही पोटं गळून पडतात, म्हणून मधे पत्र्याची पट्टी राखावी लागते. अन् जाड याच्यासाठी, की खरबरीत कापडावर बारीक रेघ फिसकटून जाते.

1937 साली अमेरिकेत गेरी पॉवेल आणि आर. हंटर मिडलटन या दोघांनी दोन वेगळ्या कंपन्यांसाठी 'स्टेन्सिल' याच नावाचे टाइप काढले. नुसती मोठी अक्षरं. आता मला सांगा, शिशाच्या खिळ्याला पट्टी कशाला पाहिजे? शिशातलं पोट कुठं गळून पडत नाही. म्हंजे खोक्यावरच्या अक्षराचं सोंग घेतलं, खोकं उचललं नाही. टाइप देखणा आहे, गोल कोपऱ्यांचा, भरदार. पण सोंग ते सोंगच.

हे पान ज्या मेणकागदावर टोचलं तोही स्टेन्सिलच. तिथं मात्र पट्टी लागत नाही. टोचणीनं मेण सरकतं, कागदाचे तंतू राहतात, तेच पोट धरून ठेवतात. हात जड पडला की 'ठ'चं पोट निघून येतं अन् नुसता शाईचा गोळा.

खरी कसोटी देवनागरीची आहे, दोस्तहो. इंग्रजीचं पाहून कुणी म्हणेल, शिरोरेघ तोडा, झालं स्टेन्सिल. आमच्यात ते चालत नाही. 'म'ची शिरोरेघ डावीकडं तोडली की तो 'भ' वाचला जातो, 'घ'ची तोडली की 'ध'. मजुराचा भजूर होतो. घाम लिहायला जाल तर धाभ! आपल्या वस्तीच्या भिंतीवर निळ्या रंगात 'जय भीम' मारायचं असेल तर हा प्रश्न नुसत्या नक्षीचा राहत नाही. 'भ' जन्मतःच वरून तुटलेला आहे, त्याला लागून 'म' उभा. पत्रा कोरणाऱ्यानं वरून पट्टी ठेवली की बाबासाहेबांच्या नावाचं 'भीभ' होऊन बसतं.

उपाय कठीण नाही. 'म'ची आडवी रेघ जिथं दंडाला मिळते, तिथं खाली पट्टी ठेवायची. 'घ'लाही तिथंच. पोट टिकतं, शिरोरेघ सलग राहते. आता कॉम्प्युटरवर पत्राही नाही अन् शिसंही नाही, तिथं तुटकं अक्षर ज्याला करायचं त्यानं करावं. पण मी तरी आधी त्यात 'घाम' लिहून पाहीन, अन् वाचता आला तरच पुढची अक्षरं बघीन.