मुलांच्या पुस्तकातील वस्ती

मुलांसाठी गावाची किंवा उपनगराची ओळख लिहिणे हे निरुपद्रवी काम समजले जाते. कविता, कथा, आत्मकथन यांची चिकित्सा आपण हिरिरीने करतो. तिसरी-चौथीच्या मुलाच्या हाती पडणाऱ्या चार-दोन पानांकडे मात्र समीक्षेची नजर वळत नाही. वास्तविक ‘आपण’ म्हणजे कोण, याची पहिली छापील व्याख्या मुलाला याच पानांत भेटते. म्हणून या पानांची तपासणी झाली पाहिजे.

या लेखनाचा एक ठरीव साचा आहे. मधोमध देऊळ, शेजारी शाळा, पलीकडे बाजार. सुतार, लोहार, कुंभार आपापल्या कामात मग्न. आणि शेवटी ‘येथे सर्व जातिधर्मांचे लोक गुण्यागोविंदाने राहतात’ हे वाक्य. वर्णन उपनगराचे असेल तर देवळाच्या जोडीला मशीद, चर्च आणि बुद्धविहार येतात. दिवाळी, ईद, नाताळ आणि भीमजयंती एका ओळीत उभ्या राहतात. विविधता म्हणजे सण, पोशाख आणि पक्वान्ने, एवढाच अर्थ मुलाच्या मनावर ठसतो. हे चित्र खोटे नाही, अपुरे आहे. आणि हा अपुरेपणा सहज घडलेला नाही. वस्तीत कोण कोण राहते हे ते सांगते. कोण कुठे राहते, आणि तिथेच का राहते, याबद्दल ते मौन पाळते.

बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील उंद्रीचे उदाहरण घेऊ. १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीने तिसरीचा ‘परिसर अभ्यास’ जिल्हावार काढला, ही स्वागतार्ह गोष्ट होती. मुलाने दूरच्या जगाआधी स्वतःचा परिसर वाचावा, ही दृष्टी शास्त्रशुद्ध आहे. बुलढाण्याच्या मुलाला लोणारचे सरोवर, सिंदखेडराजा, शेगाव ही आपली ठिकाणे वाटली पाहिजेत. पण जिल्ह्याचा मानबिंदू कळला म्हणजे गाव कळले असे होत नाही. घरापासून शाळेपर्यंत चालत जाणारे मूल रोज एक पुस्तक वाचतच असते. पक्का रस्ता कोणत्या आळीत आधी आला? नळ कुठपर्यंत आला? कोणाची घरे गावठाणात आणि कोणाची ओढ्यापलीकडे? कोणत्याही गावातल्या मुलाला हे ठाऊक असते. ठाऊक नसते ते त्याच्या पुस्तकाला.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत भारतीय खेड्याच्या गोडव्यांवर आघात केला. खेडे हे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर आहे, असे त्यांचे निदान होते. त्यांनी मसुदा मांडलेली घटना आपण स्वीकारली. मुलांच्या पुस्तकातले खेडे मात्र त्या गोडव्यांतच राहिले.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा अशी नावे जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे यावीत, असे ठरले. निर्णय योग्यच होता. पत्ता सांगताना मान खाली घालावी लागू नये, हा साधा माणुसकीचा हक्क आहे. पण पाटी बदलली म्हणून वस्तीची जागा बदलत नाही. जुने नाव का होते आणि ते का बदलावे लागले, हे मुलाला सांगितले नाही, तर समतानगर हेच गावकुसाबाहेरचे नवे नाव होऊन बसेल.

‘हे सारे खेड्यात, शहरात जात कुठे राहिली?’ असे कोणी म्हणेल. योगायोगाने पुण्यालाही एक उंद्री आहे. तीही खेडेच होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये ती पुणे महानगरपालिकेत आली आणि आज मोठमोठ्या गृहसंकुलांचे उपनगर म्हणून ओळखली जाते. अशा उपनगराची ओळख मुलांना करून देणारा लेखक विविध भाषा बोलणारे शेजारी दाखवील, आणि कचरा नेणाऱ्या बाईला ‘आपली मदतनीस’ म्हणून हसतमुख उभी करील. पुण्यातल्या कचरावेचकांनी १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही आपली संघटना उभारली. त्यांतल्या बहुसंख्य दलित स्त्रिया. हेच काम याच जातींच्या वाट्याला का, हा प्रश्न मदतनिसाच्या चित्रात बसत नाही.

दलित साहित्याने हा प्रश्न केव्हाच विचारला आहे. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेतला तरुण नोकरीसाठी परगावी जातो आणि भाड्याच्या खोलीसाठी त्याला जात लपवावी लागते. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) गावचा महारवाडा आणि मुंबईचा कावाखाना या दोन्ही वस्त्या वाढत्या मुलाच्या नजरेतून उलगडतात. वस्तीची खरी ओळख कशी असते, याचे हे नमुने आहेत. ते मोठ्यांच्या कपाटात राहिले; मुलांच्या दप्तरात त्यांची दृष्टी पोचली नाही.

‘इतक्या कोवळ्या मनावर जातीचे ओझे कशाला?’ हा नेहमीचा आक्षेप. याचे उत्तर १८५५ सालीच मिळाले आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मांग मुलीचा निबंध त्या वर्षी ‘ज्ञानोदया’त छापला गेला. आपल्या लोकांना जमिनीवरून हुसकून मोठमोठ्या इमारती कशा उठल्या आणि त्यांच्या पायात माणसे कशी पुरली गेली, हे एका शाळकरी मुलीने लिहिले. शहराची ओळख तिने शिखरापासून करून दिली नाही, पायापासून करून दिली. ज्याला हे ओझे वाहावे लागते त्या मुलाला ते आधीच ठाऊक असते. न सांगण्याने कोवळेपण राखले जाते ते दुसऱ्या मुलाचे. आणि तेही पुरते नाही, कारण घरातला वेगळा ठेवलेला कप त्याने पाहिलेला असतो.

येथे शिक्षकाची जबाबदारी मोठी आहे. हा विषय हलगर्जीपणे शिकवला तर वर्गातले एकच मूल सर्वांच्या नजरेचे लक्ष्य होते. म्हणून कोणत्याही मुलाची जात वर्गात विचारू नये. वस्तीलाच प्रश्न विचारावेत. मुलांकडून गावाचा नकाशा काढून घ्यावा. त्यात देवळाबरोबर पाण्याच्या जागा, रस्ते, दिवे, स्मशाने मांडावीत; प्रत्येक सोय कोणत्या साली, कोणाच्या दारी आली हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहावे. मग मुलांना एकच प्रश्न विचारावा : हे असे का? उत्तराची घाई करू नये.

असा नकाशा चिखलीच्या उंद्रीत निघेल तसाच पुण्याच्या उंद्रीतही निघेल. एकीकडे ओढा असेल, दुसरीकडे संकुलाची भिंत. आपल्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत. पाठ्यपुस्तक मंडळ बदलेल तेव्हा बदलेल. फळा आणि खडू आजही त्यांच्या हातात आहेत.