टॅल्बटच्या खिडकीतल्या काचा

पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडासा मोठा कागद आणि त्यावर एक जाळीदार खिडकी. इंग्लंडमधल्या लॅकॉक ॲबी या आपल्या घरात विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटने ऑगस्ट १८३५ मध्ये घेतलेली ही निगेटिव्ह आज शिल्लक असलेली सर्वांत जुनी मानतात. चित्र म्हणून बघाल तर फार काही नाही. काचा काळपट, मधल्या पट्ट्या फिकट. कारण जिथून उजेड आला तिथेच कागदावरची चांदी काळी पडली. मला जास्त आवडते ती टॅल्बटची शेजारची नोंद. चित्र नवीन होतं तेव्हा भिंगातून सुमारे २०० काचा मोजता येत होत्या, असं तो लिहितो. ‘नवीन होतं तेव्हा’ हे शब्द बघा. नमुना नंतर बिघडला, हे त्याने लपवलं नाही.

त्याचंच १८४४ चं ‘द ओपन डोअर’ जास्त गाजलं. उघडं दार, टेकवलेला खराटा, तिरपी सावली, बोटांना जाणवावा असा दगडाचा खडबडीतपणा. सुंदर आहेच! पण खराटा मुद्दाम ठेवलाय हे कळतंच. हाच देखावा त्याने आधीही टिपून पाहिला होता. आतल्या अंधारात मागची खिडकी अंधुक दिसते. माझी नजर तिथेच जाते.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी थिन फिल्मचे शंभरेक फोटो काढले, असेच छान तिरप्या उजेडात. मोजपट्टी ठेवली नव्हती, उजेडाचा कोन लिहिला नव्हता. त्यातला एकही फोटो प्रबंधात घेता आलेला नाही.