तिजोरीची दुसरी किल्ली

नव्या बंगल्याच्या दिवाणखान्यात दळण न दळणारं जातं मांडून ठेवतात ना, तशी हल्ली जुन्या धर्तीची नवी संगणक-यंत्रं निघाली आहेत. हौसेला मोल नाही, कबूल. पण कसारा लाईनवरच्या आमच्या उंबरमाळीत वस्तूची पहिली चौकशी 'दुरुस्त कुठं होते?' अशी असते, 'केवढ्याला?' हे नंतर.

या हौसेचं एक मूळपीठ म्हणजे १९८२ चं सिंक्लेअर स्पेक्ट्रम. पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीनं ते रीतसर परवान्यानं 'डीबी स्पेक्ट्रम' म्हणून आपल्याकडे विकलं. सिंक्लेअरसाहेबांची काटकसर आपल्या आज्ज्यांच्या वळणाची. मेमरीसाठी त्यांनी अर्ध्या बिघडलेल्या चिपा स्वस्तात उचलल्या आणि चांगला अर्धा भाग तेवढा वापरला. किडका आंबा कापावा, चांगली फोड पाहुण्याला द्यावी, तसं! यंत्राचा मेंदू झेड-८० ही बाजारात मिळणारी चिप. पण कारभार सगळा यूएलए नावाच्या, खास त्याच यंत्रासाठी घडवलेल्या चिपकडे. ती गेली की बाकीचं शाबूत यंत्र विधवा! पुढं ख्रिस स्मिथ या गृहस्थांनी तिचं पोट उलगडून २०१० मध्ये त्यावर पुस्तकच लिहिलं, आणि दुकानात मिळणाऱ्या साध्या चिपांवर तिचं काम करून दाखवलं. याला म्हणायचं परोपकार.

आता नवी मंडळी बघा. २०२४ च्या 'द स्पेक्ट्रम'ला रबरी कळा जुन्यासारख्या, आत मात्र आधुनिक चिपवर नुसती नक्कल. म्हणजे नाटकातली तलवार : चमकते, कापत नाही. 'स्पेक्ट्रम नेक्स्ट'मध्ये एफपीजीए, म्हणजे हवं ते लिहावं अशी कोरी पाटी. युक्ती नामी, पण २०२० मध्ये पैसे भरणाऱ्यांना जगभरच्या चिप-टंचाईत २०२३ उजाडेपर्यंत वाट बघावी लागली. पाटीच नाही, तर गिरवणार कशावर? 'कमांडर एक्स-१६'चा मेंदू ६५सी०२ आजही नवा मिळतो, पण आवाजाची यामाहाची चिप बंद पडून जमाना झाला. घर नवं, विहीर आटलेली.

आणि झेड-८० तरी? १९७६ पासून मिळणारी ही चिप. झायलॉगनं एप्रिल २०२४ मध्ये कळवलं की शेवटच्या ऑर्डरी जूनपर्यंत.

'आमचा आराखडा खुला आहे' असं कोणी अभिमानानं सांगितलं की मला बँकेची तिजोरी आठवते. तिला दोन किल्ल्या, दोघांकडे. एकीनं उघडत नाही. आराखडा ही एक किल्ली, चिप ही दुसरी. बैलगाडी पिढ्यान्‌पिढ्या चालली, कारण चाकाची रीत कोणी लपवली नाही आणि लाकूड एकाच वखारीचं लागलं नाही.

तेव्हा यंत्र घेणाऱ्यानं रंगरूप खुशाल बघावं; पण सुटा भाग दोन दुकानांत मिळतो का, हे आधी विचारावं. नाहीतर आपण मालक कसले? नुसते राखणदार!